नदीकाठची सोपी वाट

कावेरीकाठची ती वाट मीच शोधून काढली होती. दीड किलोमीटर, सपाट, सगळी झाडांच्या सावलीतून. आईच्या गुडघ्यांनाही झेपेल, असं मी नवऱ्याला ठासून सांगितलं. आम्ही व्हाइटफील्डला, आई राजाजीनगरला. एकाच गावात राहून दोन-दोन महिने भेट नाही. ही सहल म्हणजे त्याची भरपाई होती, आणि भरपाई करताना मी जरा मिजाशीतच असते.

गाडीतून उतरल्यापासून आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला फोटो काढायचे होते.

"आई, सोड ना हात. सपाट तर रस्ता आहे, लहान मुलासारखं काय?"

"स्वल्प हळू चाल की गं," म्हणाली, आणि सोडला.

पाचेक मिनिटांनी मागे धप्पकन आवाज झाला. वाटेच्या डाव्या अंगाला खळगा होता, त्यात आई बसली होती. गुडघा खरचटलेला. "चप्पल नवी आहे," ती आमची समजूत घालत म्हणाली. एवढा मोठा खळगा दिसला कसा नाही, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. आठवलं की अजून शरमेनं मान खाली जाते.

माझी मुलगी आजीच्या डाव्या बाजूला उकिडवी बसली आणि तिच्या कानशिलापाशी तीन बोटं धरली. "आजी, समोर बघूनच सांग. किती?"

"किती काय?" आईनं विचारलं.

बोटं पार नाकासमोर आली, तेव्हा कुठे ती "तीन" म्हणाली. मला दिवाळी आठवली. आई तेव्हा म्हणाली होती, "बाजूला ठेवलेला कप दिसत नाही गं, हात लागून सांडतो." मी फराळाचे डबे भरत होते. "लक्ष नसतं तुझं," म्हणाले आणि विषय संपवला.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं, म्हणाल्या. मग त्रास कधीपासून होतोय ते विचारलं.

"हल्लीच," आई चटकन म्हणाली. "परवा नदीवर पडले ना, तेव्हाच कळलं. त्याआधी काही नव्हतं."

बाईंनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.