झटका, मग बसा

आर्णीपासून महागावपर्यंत चारचाकीवाले ढीगभर आहेत, पण पाहुण्याला सतरंजीसारखा झटकून मगच गाडीत बसवणारा माणूस या सगळ्या मुलखात एकच झाला, आणि तो नेमका माझा इवाई निघाला. शहराकडचे लोक व्याही म्हणतात, आम्ही इवाई म्हणतो. माणूस तोच, ताप तोच. माझी लेक त्याच्या घरची सून. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, त्यामुळं माझं लिहिणं सरळ असतं, आणि सरळ सांगायचं तर या माणसापायी मी जेवढा राग गिळला तेवढा बापापुढंही गिळला नव्हता. तरी आज कोणी त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला तर माझा हात आधी काठीकडं जातो.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूमच्या पोरानं त्याला सांगितलं, काका, ही कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. तो शब्द इवायानं आरतीसारखा पाठ केला. गावात कोणी चुकून 'कार' म्हणालं की हा जागच्या जागी थांबे. "कार नोका म्हणू जी. कार भुईले घासते. हे उंच हाय." नुसतं सांगून त्याचं भागत नसे. अंगणात दाणे टाकून कोंबडी बोलावी, आणि ती तुरा न वाकवता गाडीखालून इकडची तिकडं गेली की माझ्याकडं असा पाही, जशी कोंबडीही शोरूममधूनच सोबत आली. मी एकदा म्हटलं, "इवाई, माह्या बैलबंडीखालून बकरी जाते, पिल्लासकट." त्यावर तो जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

बोअरच्या पाण्यानं रंगावर पांढरे डाग पडतात म्हणून गाडीला पावसाचं पाणी लागे, आणि ते पत्र्यावरून ड्रममध्ये धरून वर कापड बांधून ठेवलेलं असे. इहीणबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा त्यातलं तांब्याभर तुळशीला घातलं तर म्हणाला, "तुळशीले बोअरचं चालते. तिले कुठं रंग देला हाय कंपनीनं?" रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी चारी टायरांना बोटानं टिचकी मारून कान लावी, बाजारात बायका मडकं घेतात तसं. शीटांवरचं शोरूमचं प्लास्टिक त्यानं कधी काढलंच नाही. उन्हाळ्यात बसलेला माणूस उठला की साल निघाल्यासारखा आवाज येई. आर्णीचे मिस्त्री चाचा तर त्याला लांबून पाहूनच स्टूल काढत आणि रस्त्याकडं तोंड करून मांडत. "भाऊ, तुम इदर बैठो. रस्ते से इत्ती गाडियां जा रही, किसीकू कुछ हुआ क्या? तुम्हारे कू भी कुछ नहीं हुआ." पण हा बसेल तर शपथ. टॉर्च घेऊन चाचांच्या खांद्यावरून इंजिनात डोकावे. एकदा जुनं ऑइल निघालं, तर बोटावर घेऊन त्याचा वास घेतला आणि म्हणाला, "चाचा, थोडा गोडसर वास येऊन राह्यला." चाचा पाना खाली ठेवून म्हणाले, "चाटके भी देख लो भाऊ. फिर मेरेकू बताओ."

आणि या सगळ्यांच्या वर ती शिराई. शिराई म्हणजे घरातली झाडणी, पण ही लहान, मऊ, फक्त गाडीची. ड्रायव्हरच्या दाराला अडकवलेली असे. आमच्याकडं दिवाळीपासून होळीपर्यंत कोणाचेही कपडे पाहा, कापसाचे तंतू चिकटलेले असतातच. इवायाचा नियम होता, झटका, मग बसा. सरपंच असो की सासरा. एकदा इहीणबाईंच्या माहेरी लग्न होतं. मी घरून नीळ दिलेलं धोतर नेसून आलो, पण वाट वावरातून होती. गाडीत पाय टाकणार तोच हा आडवा आला. "थांबा जी इवाई. झटका, मंग बसा."

"मी माणूस हाय. सतरंजी नाई."

"कापूस लागला हाय धोतराले. एकदा आत गेला का निघत नाई तो." आणि चार लोकांदेखत माझ्या पाठीवर शिराई फिरवली. लोक हसले. मी तिथंच सांगितलं, या गाडीत मी पुन्हा बसणार नाही, आणि पायी निघालो. तर हा पहिल्या गिअरमध्ये माझ्या बाजूनं गाडी चालवू लागला.

"बसा ना जी."

"नाई बसत."

"ऊन हाय."

"माह्या डोक्यावर हाय. तुमच्या रंगाले तर काही होऊन नाई राह्यलं?"

त्यानं खिडकीतून माझं धोतर न्याहाळलं. मग म्हणाला, "अर्धंच झटका मंग. मागचं राहू द्या."

मागं ट्रॅक्टर, दोन बंड्या आणि एसटी, सगळे हॉर्न मारत होते. लोकांना वाटलं वरातच आली. मी हात करून त्याच एसटीत चढलो. तो सगळी वाट एसटीच्या मागं राहिला, आणि लग्नात पंगत बसली तेव्हा माझ्यासाठी शेजारच्या पाटावर टोपी ठेवून बसला होता. जेवलो मी तिथंच. पण गाडीत बसलो नाही. त्यानंतर कैक वेळा त्यानं माझ्यापुढं दार उघडलं, आणि तेवढ्याच वेळा मी एसटी धरली.

मग ते अळीचं वर्ष आलं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. जो थोडा कापूस हाती आला त्याला भाव नव्हता. अशा वेळी आमच्याकडं कापूस घरात भरून ठेवतात आणि भाव वाढायची वाट पाहतात. मी माझा देऊन टाकला. इवाई कसला देतो! त्यानं घरातल्या दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत भरल्या आणि पानठेल्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "गाडी विकीन, पण ह्या भावात कापूस देणार नाई." माझी लेक, जावई आणि लहानगी नात अंथरुणासकट ओसरीत आले. घरभर तंतू उडत. कणकेत तंतू, दुधात तंतू, पोरीच्या नाकात तंतू. पोरीला आधी खोकला झाला, मग छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरनं सांगितलं, घरातून एक तर कापूस काढा, नाही तर पोरीला काढा. लेक सासऱ्याला मामाजी म्हणते. तिचा फोन आला. "बाबा, आम्हाले घेऊन जा. मामाजी कोणाचं ऐकत नाईत. मंग वापस कवा येणं होते ते मले बी ठाऊक नाई." तिचा आवाज कोरडा होता. तो ऐकून मी चहा तसाच ठेवला आणि निघालो.

इवाई अंगणात कडुनिंबाखाली गाडीच्या काचा पुसत होता.

"या जी. काहून, अचानक?"

"लेक आन नात न्यायले आलो. कापूस विकता का पोरी धाडता?"

"भाव येऊ द्या ना. संक्रांत जाऊ द्या."

"भावाले खोकला नाई येत इवाई. पोरीले येते."

तेवढ्यात आतून पोरीचा खोकला आला. लांबलचक, मध्येच श्वास अडकणारा. ओसरीत लेकीची थैली बांधून ठेवलेली दिसत होती. इवायाच्या हातातलं फडकं काचेवर तसंच थांबलं. फडकं त्यानं खांद्यावर टाकलं. मागचं दार उघडलं आणि शीटावरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. मला वाटलं, गेला माणूस कामातून. मग त्यानं मागचं शीट पाडून सपाट केलं, धुतलेली गोधडी अंथरली, काचा खाली घेतल्या आणि इहीणबाईंचं जुनं पातळ पावसाच्या पाण्यात भिजवून, पिळून खिडक्यांना बांधलं. लेकीला म्हणाला, "पोरीले आंघोळ घाल. धुतलेला फ्रॉक घाल." पोरगी आली तसा तो खाली बसला, शिराई काढली आणि म्हणाला, "झटका माय, मंग बसा." पोरीनं दोन्ही हात वर केले, गिरकी घेतली आणि म्हणाली, "आबाजी, पाठ बी."

त्या घरात, गावात म्हणा हवं तर, कापसाचा एक तंतू नाही अशी जागा तेवढीच उरली होती. इतके दिवस आम्ही सगळे हसलो, पण त्यानं ती जपली होती. पोरगी आत गेली आणि झोपली. मी ओल्या पातळाला कान लावून उभा राहिलो. शिट्टी वाजत होती, पण बारीक. मग वाजायची थांबली. तिचं सगळं मग गाडीतच होऊ लागलं. मायलेकी तिथंच झोपत, मी ओसरीत मुक्काम केला. पण लेकीनं थैली काही सोडली नाही. मला म्हणाली, "बाबा, गाडीत किती दिवस? आन गाडी विकली का मंग?"

तिचं खरं होतं. इवायानं गाडी पाहायला महागावच्या एका ठेकेदाराला आधीच बोलावून ठेवलं होतं. तो तिसऱ्या दिवशी दुपारी आला, पोरगी झोपलेली असतानाच. कापसाच्या खोलीला लागून बाक होता, त्यावर टेकला. इवायानं मला शेजारी बसवलं, सोयरीक जुळवायला थोरांना बसवतात तसं.

"ठेवसान कुठं?"

"रस्त्यावरच. शेड कुठं हाय काका?"

"धुवाले पाणी कोणतं?"

"नाल्यावर धुतो ना. साऱ्याच गाड्या."

इवायानं माझ्याकडं पाहिलं. कोणी गेल्याचा निरोप आल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. "गिट्टी-सिमेंट तर नाई भरणार आत?"

"कामाले घेऊन राह्यलो काका, पूजेले नाई. दार खोला, चालू करून दाखवा."

"नात निजली हाय."

"उठवा मंग."

"लय दिवसानं निजली हाय अशी."

ठेकेदार उठला आणि खिडकीवरचं पातळ बाजूला सारायला हात पुढं केला. तसा इवायानं त्याचं मनगट धरलं. त्याच्या दुसऱ्या हातात शिराई होती. आवाज न चढवता म्हणाला, "आधी झटका. कापूस लागला हाय बाह्याले."

ठेकेदारानं मनगट सोडवून घेतलं. अशी माणसं गाड्या विकतात का, असं काहीतरी पुटपुटत फटफटीला किक मारली. त्या माणसाला काय वाटलं असेल ते माझ्याइतकं कोणाला कळणार? पण मी तोंडावर पंचा धरून हसत होतो.

धूळ खाली बसली. इवाई बाकावर बसून खोल्यांकडं पाहत राहिला. मग जावयाला हाक मारून म्हणाला, "टेम्पोवाल्याले फोन लाव."

"कायले?"

"कायले काय? कापूस न्यायले."

पानठेल्यावर चार लोकांसमोर बोललेला शब्द माघारी घेणं काय असतं, हे मला विचारू नका. मी तोवर एकही घेतला नव्हता. पण त्याचा चेहरा पाहून मला कळलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि सगळे कापूस भरायला लागलो, मीही लागलो. ज्या भावाला त्यानं नाक मुरडलं होतं त्याच भावाला गेला तो. खोल्या रिकाम्या झाल्या, भिंती दिसल्या. लेकीनं जमीन धुतली, भिंती पुसल्या, परत जमीन धुतली. मग थैलीची गाठ स्वतः सोडली आणि पोरीचा फ्रॉक खुंटीला अडकवला. त्या खुंटीवरच्या फ्रॉककडं पाहून माझा जीव भांड्यात पडला. टोपी सारखी करत बाहेर आलो. बायकांसमोर काय बोलायचं!

संध्याकाळची एसटी धरायला निघालो तर इवायानं गाडीचं दार उघडलं. मी टोपीपासून टाचेपर्यंत पांढरा झालो होतो. हात सवयीनं दाराकडं गेला त्याचा, शिराई काढली. थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं आणि बाकावर ठेवून दिली.

"बसा ना जी इवाई."

"कापूस लागला हाय मले. साऱ्या अंगाले."

"घरातला तर गेला," तो म्हणाला. "तेवढाच राह्यला आपला, तुमच्या अंगावर. बसा."

बसलो मग. प्लास्टिक नव्हतं, त्यामुळं आवाज आला नाही. आर्णी कधी आलं मला कळलंच नाही, मी झोपलो होतो.

आता पोरगी यवतमाळला शाळेत आहे. धावायच्या शर्यतीत पळते, शिट्टी वाजत नाही. गाडी जुनी झाली, इवायाचे गुडघेही. जावई बोअरच्या पाण्यानं गाडी धुतो, रंगावर पांढरे डाग पडलेत, हा पाहतो आणि काही म्हणत नाही. अजून चालवतो मात्र स्वतःच, हळूहळू. मला न्यायला येतो तेव्हा मी दाराशी उगाच उभा राहतो, तो काही म्हणेल म्हणून. तो म्हणत नाही. मग मीच धोतर झटकतो, त्याला ऐकू जाईल असं, जोरात. तो समोर रस्त्याकडं पाहत स्टेअरिंग धरून बसलेला असतो. बराच वेळ जातो. मग मान न वळवता हळूच म्हणतो, "पाठ बी, इवाई."