हव म्हणेपर्यंत

नवा रायपूरचे रस्ते पहाटे कुणाचेच नसतात. रुंद, सरळ, रिकामे, मध्येच एखादं झोपलेलं कुत्रं. डिसेंबरात तिथं धुकं इतकं खाली उतरतं की आपलंच पुढचं चाक धड दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. माझ्या सोळाव्या-सतराव्या वर्षातलं जे काही मला आठवतं ते सगळं त्या धुक्यात भिजलेलं आहे. अजूनही डोळा लागता लागता मी त्याच रस्त्यावर असते.

बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. ड्यूटीवर जायच्या आधी ते स्कूटरवरून मला तिथवर सोबत करायचे. माझी शर्यत सायकलची, टाइम ट्रायलची. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकानं सुटायचं आणि घड्याळाशी एकट्यानंच झुंजायचं. सुटताना एक माणूस मागून सीट धरून उभा राहतो, म्हणजे दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवून बसता येतं. आमच्याकडे तो माणूस म्हणजे बाबा. ते उलटे आकडे मोजायचे, पाच, चार, तीन, दोन, आणि एकच्या जागी ‘हव’ म्हणायचे. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. सारी नोकरी रायपुरात केलेले आमचे वर्ध्याचे बाबा खुशीत आले की असेच बोलतात. हव म्हणताना त्यांचा तळवा माझ्या कमरेला टेकायचा आणि मी सुटायचे.

आता, धक्का देणं नियमात बसत नाही. धरणाऱ्यानं फक्त हात सोडायचा. महिन्यातून एकदा येणारे आमचे कोच कितीदा तरी म्हणाले, “भैया, पुश मत करो, आदत पड़ जाएगी.” बाबा मान डोलवायचे, “हव, हव” म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी काही बोलले तर उलट मलाच ऐकवायचे. “धक्का कुठं देऊन राहिलो मी? हात काढून घेऊन राहिलो.” त्यांना ते मनापासून खरं वाटायचं. आमच्या घरात परीक्षेला निघालेल्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय दार उघडत नाहीत, मग पोरीला असं कोरडंच कसं सोडायचं? आणि खरं सांगायचं तर मलाही तो हात हवाच होता.

सतराव्या वर्षी मी देशाच्या संघातून परदेशी गेले, तरुण खेळाडूंच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला. पोहणारे, धावणारे, तलवारबाज, सगळी आमच्याच वयाची पोरं एका भल्यामोठ्या भोजनगृहात ताटं घेऊन रांगेत उभी. पहिल्या दहांत आलीस तर राष्ट्रीय शिबिरात जागा, असं मला निघतानाच सांगितलं होतं. शिबिर म्हणजे होस्टेल, चांगली सायकल, रोजच्या रोज कोच. मला ते इतकं हवं होतं की ताट तसंच ठेवून मी पुन्हा सायकल बघायला जायचे.

जिथून सुटायचं तो उंच मंच समुद्राकडे तोंड करून होता. हेल्मेटनं कान झाकले होते, त्यामुळे माणसांचा गलका पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. मागे एक वयस्कर गृहस्थ सीट धरून उभे होते. पाच, चार, तीन, दोन, एक. शिट्टीसारखं काहीतरी वाजलं. त्या गृहस्थांनी नियमाप्रमाणे हात सोडला, आणि मी तिथंच. समोरच्या समुद्राचं धुकं झालं होतं, मी नवा रायपुरात होते आणि हव अजून ऐकू यायचं होतं. सायकल कलंडू लागली तेव्हा जाग आली.

मी अकरावी आले, दहावीच्या एका सेकंदानं मागे. दोन सेकंद तर मी मंचावरच सांडून आले होते.

बाबांना फोनवर फक्त निकाल दिसला होता. “काय झालं वं?” त्यांनी विचारलं. खरं सांगितलं तर आपल्या हाताला ते जन्मभर बोल लावत बसतील, असं मला वाटलं. म्हणून मी थाप मारली, “गियर अडकला, बाबा.”

केवढी गाढव मी! ती सायकल त्यांनी स्वतः जुळवली होती. मी परतले त्या दिवसापासून ते रोज ड्यूटीवरून आले की अंगणात गियर उघडून बसू लागले. प्रत्येक भाग घासलेटात धुवायचा, पेपरवर मांडायचा, पुन्हा जोडायचा आणि चेनला कान लावून पेडल हातानं फिरवायचं. “कुठं अडकून राहिला, सापडूनच नाही राहिला मले.” जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. आठव्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे न बघता, चाकालाच म्हणाले, “माह्याच्यानं पोट्टीचं शिबिर गेलं.”

मला राहवलं नाही. “गियर चांगला होता, बाबा. मी तुमच्या हाताची वाट पाहत थांबले.”

“मंग गियर बरोबर होता न?” त्यांनी आधी हेच विचारलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला असा राग आला! मग बाकीचं हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचलं. त्यांनी घासलेटाचे हात फडक्याला पुसायला घेतले, एकेक बोट, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा त्या रस्त्यावर होतो. धुकं होतंच. त्यांनी सीट धरली. पाच, चार, तीन, दोन, एक. ते खरंच एक म्हणाले. पकड सुटली, कमरेला काहीच लागलं नाही आणि मी कलंडता कलंडता वाचले.

“जा न वं आता,” मागून आवाज आला. तो बाबांचा नेहमीचा आवाज नव्हता.

मी पेडल मारलं. थोडं पुढं गेल्यावर वळून पाहिलं, तर ते धुक्यात तसेच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे नेऊन, एका हातानं दुसरा घट्ट धरून.