फौजदाराची रांग

आमच्या विमानतळाच्या टॅक्सीतळावर एक फौजदार आहे. पोलिसात नाही, टॅक्सीच चालवतो, पण नाव पडलं ते पडलंच. कोणाची गाडी पट्ट्याबाहेर दोन बोटं आली तरी हा उतरून सांगायला येणार. मी त्याचा सगळ्यात जुना दोस्त, म्हणजे सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला माणूस.

रांगेचा नियम त्याचाच. पूर्वी प्रवासी बाहेर आला की आम्ही गुळाला मुंगळे लागावेत तसे धावायचो. एकदा एका बाईंच्या बॅगेसाठी दोघांची ओढाताण झाली. मूठ एकाच्या हातात राहिली, बॅग दुसऱ्याच्या. बाई बसनं निघून गेल्या. त्या दिवशी फौजदारानं सगळ्यांना गोळा करून ठरवलं: टॅक्सींची एक रांग, प्रवाशांची एक. पहिल्या प्रवाशानं पहिल्या टॅक्सीत बसायचं. निवडानिवड कोणी करायची नाही, सख्खा बाप उतरला तरी. नुसतं बोलून थांबला असता तर तो फौजदार कसला? त्याचा साडू आला, तेव्हा त्यालाही दुसऱ्याच्या टॅक्सीत बसवून घरी पाठवलं. साडू अजून प्रत्येक लग्नात ते उगाळतो.

घरीही तोच खाक्या. लेक नोकरीसाठी परगावी जाते म्हणाली, तर हा म्हणाला, "गेलीस तर तुझं तू बघायचं." लेकही त्याचीच, खाण तशी माती. गेली, आणि तिचं तिनं बघितलं. तीन वर्षं घरात पाऊल नाही. आईशी फोनवर बोलायची; बापाचा विषय निघाला की म्हणायची, "ठेवते."

त्या दिवशी सकाळी वहिनींचा, म्हणजे फौजदाराच्या बायकोचा, मला फोन आला.

"भाऊजी, ती येतेय. ऑफिसचं काम आहे, उद्या परत जाणार. मोठ्या चौकातल्या हॉटेलात उतरतेय म्हणे, आपलं घर असताना! यांना सांगितलंय, तिला घरी घेऊन या. पण हे रांग सोडतील का? तुम्हीच बघा काहीतरी."

विमान उतरलं होतं, माणसं बाहेर यायला लागली होती. रांगेत फौजदाराची गाडी बरोबर माझ्या मागे. मी उतरून त्याच्या खिडकीशी गेलो.

"माझ्या पुढे घे गाडी."

"नंबर तुझा आहे."

"अरे, लेक येतेय तुझी! तीन वर्षांनी!"

"आज मी पुढे आलो तर उद्या कोणाला काय तोंडानं सांगू?"

"मग निदान उतरून तिच्या समोर तरी जा."

यावर तो फडकं घेऊन स्टेअरिंग पुसायला लागला. चांगलं लख्ख होतं ते. तेव्हा मला कळलं, की नियमबियम ठीक आहे, पण गड्याची छातीच होत नव्हती. तिनं सगळ्यांदेखत तोंड फिरवलं तर? ती भीती होती. मला त्याचा राग आला होता तो निम्मा तिथेच गेला.

आणि ती आली. प्रवाशांच्या रांगेच्या तोंडाशी पोचली तेव्हा माझ्यापुढे दोन टॅक्सी होत्या. तिनं आमच्या रांगेवरून नजर फिरवली आणि ती एका गाडीवर थांबली. बापाची गाडी ती कुठेही ओळखणार. मग ती बाजूला झाली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." त्याच्या मागच्या बाईंनाही तेच. आता पहिला नंबर माझा. मी दार उघडलं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, या आजोबांना घ्या. मला घाई नाही."

प्रवाशानं मागच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, असा नियम फौजदारानं केलेला नव्हता. सुचलाच नसेल.

आजोबांची बॅग डिकीत ठेवताना मी उगाच वेळ काढला. ती फौजदाराच्या गाडीचं मागचं दार उघडून बसली. त्यानं मान न वळवता विचारलं, "कुठे जायचं?" तिनं हॉटेलचं नाव सांगितलं. दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं.

विमानतळाचा रस्ता उड्डाणपुलाशी फुटतो. डावीकडे फौजदाराचं घर, सरळ गेलं की मोठा चौक. कुठे वळतात ते बघायला मी गाडी इतकी हळू चालवली, की आजोबांनी विचारलं, "गाडीला बरं नाही का?" तेवढ्यात ते दोघं पुढे गेले. ती खिडकीबाहेर बघत होती, हा काठी गिळल्यासारखा ताठ. पूल आला. गाडी सरळ गेली.

मी अशी शिवी हासडली की आजोबांनी घाईघाईनं काच वर केली. मग मी त्यांची माफी मागितली.

त्यांना सोडून गाडी बाजूला घेतो न घेतो, तोच फौजदाराचा फोन.

"हॉटेलच्या दारात आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "ती वर गेलीय. बॅग ठेवून येते, थांबा, म्हणाली."

"मग थांब की!"

"खरंच येईल का रे? का आपलं म्हणायचं म्हणून म्हणाली? इथे गाडी उभी करायला मनाई आहे. वॉचमन दोनदा ओरडून गेला."

"आणि तू हलला नाहीस?"

"नाही."

हा माणूस आणि नो पार्किंगमध्ये! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हटलं, "पोलीस आला तरी हलू नकोस. हललास तर माझ्याशी गाठ आहे."

तो काही बोलणार, तोच फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा.

"बाबा, मी पुढेच बसते."

"बस."

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, गाडी सुरू झाल्याचंही नाही. फोन बंद करायचा तो विसरला होता. मीच केला.