प्रेस मशीनमागचा व्हिलन

काळ्या मार्करचं झाकण उघडलं, की त्या वासाने मला हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यातला सेफ्टी पोस्टर स्पर्धेचा दिवस आठवतो. मी नववीत शाळा सोडून आलेला, कंत्राटी कामगार. पण वेड कॉमिक्सचं, त्यातही व्हिलनांचं. हिरो संकट आल्यावर उडत येतो, व्हिलन मात्र चिकाटीने दबा धरून बसतो. तसाच एक मी काढला: प्रेस मशीनमागे लपलेला, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर कोणी बंद करतंय का बघत जिभल्या चाटणारा. आमचे पुण्याचे सुपरवायझर म्हणाले, "सेफ्टीच्या पोस्टरवर राक्षस? हिरो काढ, नाहीतर शिकलेल्या पोरांना काढू दे." माझं कंत्राट त्यांच्याच सहीने वाढायचं. तरी कागद सोडला नाही. "सर, हिरो बघून वाटतं, आपल्याला काय होतंय! भीती याचीच वाटते." तेवढ्यात शेजारच्या प्रेसवरच्या चाचांनी आपला तीनच बोटं उरलेला हात चित्रावर ठेवला. "साहब, यही था उस दिन. मैंने देखा है." सर निघून गेले, आणि चाचांनी स्वतः ते पोस्टर चिकटवलं. पुढे माझ्या कंत्राटावर सरांची सहीही झाली. चाचांचे उपकार मी विसरलेलो नाही. आणि आजही पोस्टरसाठी कोणी हिरो मागितला, तर मी काढून देत नाही.