दगडी शिपायाची खंडेनवमी

बंदूक दिसली की हात जोडणारा माणूस जगात एकच निपजला असावा, आणि तो अमेरिकेत नेमका माझ्या वाट्याला रूममेट म्हणून आला. साताऱ्याकडच्या त्याच्या गावात म्हणे घरटी एक फौजी. कवायत सोडून केमिस्ट्रीत शिरलेला घराण्यातला हा पहिलाच. त्याची भरपाई तो उठता-बसता करत असे. त्याच्या पांघरुणाची घडी बघून माझ्या पांघरुणाला लाज वाटे. बसस्टॉपवर एकटा असला तरी तो रांगेत उभा राहायचा. गणवेश दिसला की सलाम: पोलीस, पोस्टमन, एकदा तर पिझ्झा घेऊन आलेला माणूस. "अरे, पिझ्झावाला आहे तो!" मी ओरडलो. "डोक्यावर टोपी आहे ना? मग झालं," तो म्हणाला.

आमचं कॉलेजगाव अमेरिकेच्या दक्षिणेतलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोर्टासमोरच्या हिरवळीवर एक बुटका चौथरा, त्यावर बंदूक टेकवून उभा असलेला दगडी शिपाई, आणि खाली 'आमच्या शूरवीरांना' एवढंच कोरलेलं. याने पहिल्याच दिवशी कडक सलाम ठोकला आणि मला विचारलं, "कुठली लढाई रे?" जे माहीत नाही ते ठासून सांगण्याची माझी हातोटी जुनी. म्हटलं, "स्वातंत्र्ययुद्ध! इंग्रजांना हाकललं ना यांनी." त्याचा चेहरा पडला. त्याचे आजोबा इंग्रजांच्या पलटणीतून पार मेसोपोटेमियापर्यंत लढून आलेले. "म्हणजे आमचं घराणं विरुद्ध पार्टीत," तो म्हणाला. "काहीतरी परतफेड करायला हवी यार."

आमच्या खालच्या मजल्यावर मिस लोरेन राहायच्या. काळ्या अमेरिकन, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्याचे इंग्रजी उच्चार सुधारण्याचा विडा त्यांनी आपण होऊन उचलला होता. मी त्यांच्या लेखी 'यंग मॅन', तो मात्र 'बेबी'. रविवारी चर्चहून आल्या की भेंडी आणि मक्याचा पाव घेऊन, दार न वाजवता थेट आमच्या स्वयंपाकघरात. तो त्यांना तोंडावर मिस लोरेन म्हणे, माझ्यापाशी मावशी. घर सोडल्यावर त्याला हक्काने रागावणारं त्या गावात तेवढंच एक माणूस होतं.

आणि खंडेनवमी आली. शस्त्र म्हणावं असं आमच्याकडे काय, तर भाजीची सुरी. "सुरीला कुंकू लावून घरी काय सांगू?" तो म्हणाला. डोळ्यांसमोर बंदूक होती ती एकच, दगडाची. मिस लोरेननी पुढच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्याभोवती झेंडू लावले होते, कीड येऊ नये म्हणून. याने "आमच्या देवाचा सण आहे" म्हणताच बाई स्वतः कात्री घेऊन वाफ्यात उतरल्या. "देवासाठी हवीत आणि विचारतोस काय, बेबी? घे!"

सकाळी मी चौथऱ्याला धरून वाकलो आणि हा माझ्या पाठीवर चढला. हळदकुंकू झालं, बंदुकीला हार चढला, आणि मागे पोलिसांची गाडी थांबली. मी असा गर्रकन वळलो की वरचा माणूस शिपायाच्या गळ्यातच पडला. पण पोलिसाने टोपी काढून छातीशी धरली आणि याला तसंच थांबायला सांगून समोरच्या पेपरच्या कचेरीतून फोटोग्राफर बोलावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो: परदेशी विद्यार्थ्याची आमच्या वीरांना मिठी! पूर्वजांचा वारसा जपणाऱ्या बायकांच्या मंडळाने त्याला चहाला बोलावलं. आणि मी शहाणा, पेपर नाचवत थेट मिस लोरेनच्या दारात. "बघा, तुमची फुलं पेपरात आली!"

त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, चष्मा काढला. मग त्याला खाली बोलावलं.

"हा कोण आहे, माहीत आहे?"

"स्वातंत्र्यासाठी लढलेला..."

"कुणाच्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे.

"माझे आजोबा गुलाम म्हणून जन्मले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ते गुलामच राहावेत म्हणून हे लोक यादवी युद्धात दक्षिणेकडून लढले. लहानपणी याच्यासमोरून मी मान खाली घालून शाळेत जायचे. आणि तुम्ही माझी फुलं त्याला वाहिलीत, मिस्टर."

तो तसाच धावत हार काढायला गेला. तोच पोलीस आडवा आला. "स्मारकाला हात लावायचा नाही," तो म्हणाला, आणि या वेळी टोपी डोक्यावरच राहिली. चहाला हा गेला नाही. पण हार चांगला महिनाभर बंदुकीवर सुकत राहिला, आणि गाव येता-जाता कौतुकाने बघत राहिलं.

मिस लोरेननी माफी ऐकून घेतली. उच्चारांची शिकवणीही चालू ठेवली, भेंडीसुद्धा येत राहिली. फक्त आता त्या दारावर टकटक करायच्या, भांडं हातात द्यायच्या आणि उंबऱ्यातूनच परत फिरायच्या. इतक्या अदबीने त्याच्याशी कुणीच वागत नव्हतं, आणि त्या अदबीनेच तो खंगला.

त्याला डिग्री मिळाली, लांबच्या गावी नोकरी लागली. निघताना तो त्यांच्या अंगणात गेला. मीही मागे उभा होतो.

"मिस लोरेन, राग आहे अजून?"

"राग? नाही," त्या म्हणाल्या. "राग केव्हाच गेला. फुलं आता मागच्या अंगणात लावते, एवढंच."

त्यांनी त्याचा हात हातात घेतला, नीट जा म्हणाल्या. त्याला विमानतळावर मीच सोडणार होतो. गाडीत त्याने पट्टा लावून घेतला. मग म्हणाला, "यार, माफ केलं ना त्यांनी?"

ठासून सांगायची सवय माझी, पण त्या दिवशी जमलं नाही. कोर्टाचा चौक जवळ आला, तेव्हा त्याला न विचारता मी गाडी लांबच्या रस्त्याला वळवली.