लाल धागा कागदात नव्हता

कोहमाऱ्याच्या चौकात एखादा म्हातारा बिडी विकत घेताना लेबल सोडून धागा पाहताना दिसला, की आजही माझे डोके तापते. आणि त्याच वेळी ते दिवस आठवून बरेही वाटते. दोन्ही एकदम कसे होते, मला सांगता येणार नाही.

तेव्हा मी गोंदियाहून सायकलवर बिडीच्या जुड्या, म्हणजे कट्टे, लादून गावोगावचे बाजार करी. आज नागरा, उद्या दुसरे गाव, मुक्काम टाकत टाकत पार कोहमाऱ्यापर्यंत. सायकल माझी, पण माल दुसऱ्याचा. मला स्वतःच्या नावाची पाटी हवी होती. तेवढ्यात गोंदियाच्या एका सेठने कोहमाऱ्याकडची एजन्सी विकायला काढली. त्याच्या छापाची बिडी त्या भागात एकट्यानेच विकायची, असा तो करार होता. तीन दिवस घासाघीस करून मी सेठला पार घामाघूम केले आणि मी म्हणेन त्या किमतीवर आणले.

पण कागदावर सही करायच्या आधी माझ्या मनात शंका आली. सेठची त्याच्या मोठ्या भावाशी नुकतीच वाटणी झाली होती आणि दोघांचे कारखाने वेगळे झाले होते. छापावर मोठ्याचा दावा निघाला तर? गोंदियात विचारपूस केली असती तर सायंकाळपर्यंत ती सेठच्या कानावर गेली असती. म्हणून मी थेट भंडाऱ्याचे कोर्ट गाठले. सोबत माझा जुना दोस्त होता. मी चौथीत शाळा सोडलेली, तो सातवी पास, शिवाय वाचायचा खड्या आवाजात.

वाटणीच्या कागदाची नक्कल मिळायला दोन दिवस लागले. अर्जनवीस हसून म्हणाला, "बिडीसाठी भंडाऱ्यापर्यंत आलेला माणूस पहिल्यांदाच पाहून राहिलो." मी म्हटले, "पाहून घ्या, पैसे नाही घेत." दोस्ताने नक्कल ओळ न् ओळ वाचली. छाप, लेबल, परवाना, सारे धाकट्याच्या वाट्याला आले होते. कुठेही दावा नव्हता. परतीच्या गाडीत आम्ही दोघांत एक आलूबोंडा खाल्ला. तशी चव पुन्हा कुठल्याच आलूबोंड्याला आली नाही.

दुसऱ्या दिवशी नागऱ्याचा बाजार होता. एका म्हातारीला मी ऐटीत सेठचा कट्टा दाखवला. लेबलावर पंख पसरलेला मोर होता.

"छाप पाहून घे, आजी."

"हा कोंबडा मले कायले दाखवतं गा? लाल धाग्याची दे."

"याचाही धागा लालच हाये."

"मंग त्याचाही लालच हाये," असे म्हणून तिने शेजारच्या दुकानातला कट्टा उचलला. तो मोठ्या भावाच्या कारखान्याचा होता. लेबल वेगळे, धागा तोच.

मी जागीच थंड झालो. वाटणी होण्याआधीपासून त्या घराची बिडी लाल धाग्यानेच बांधली जाई आणि लोक तिला त्या धाग्यानेच ओळखत. लेबल वाचणारा दहा गावांत एखादा. मी भंडाऱ्यापर्यंत जाऊन मोराची चौकशी केली, आणि धाग्याचा कागदात शब्दही नव्हता.

त्या सायंकाळी मी दोस्ताला सगळे सांगितले आणि पुन्हा एकदा तपासायला नक्कल त्याच्याकडे दिली. सकाळी सेठकडे गेलो.

"लाल धागा फक्त माझ्या बिडीला, असं लिहून द्या."

सेठ मुनीमाकडे पाहून हसला. "अरे भाई, धागे में क्या रखा है? छाप देखो, छाप!"

ते हसू मला सोसले नाही. "छाप आपल्या कपाळाले लावून घ्या!" असे ओरडून मी उठलो. उठता उठता चहाची कपबशी खाली गेली. ती चुकून पडली असे मी आजवर सांगत आलो, पण ते खरे नाही.

आठ दिवसांनी कोहमाऱ्याला गेलो तर चौकात त्याच एजन्सीची नवी पाटी लागली होती. पाटी दोस्ताच्या नावाची. त्याने दोन्ही भावांना एका ओट्यावर बसवले होते, माझीच नक्कल समोर ठेवली होती आणि करारात एक ओळ वाढवून घेतली होती. या भागात मोठे सेठ हिरवा धागा बांधतील, लाल फक्त याच्या दुकानी. खाली दोघांच्याही सह्या.

"अबे, हे मी शोधलं होतं!" मी भर चौकात ओरडलो.

"शोधलं तूच," तो शांतपणे म्हणाला. "पण नीट मांगलं काऊन नाही? कप फोडून आला. बस, चहा पी."

मी बसलो नाही. पुढे मी स्वतःच्या हिमतीवर धानाचा व्यापार उभा केला आणि माझ्याही नावाची पाटी लागली. त्याच्याशी बोलणे मात्र 'कसा आहेस' याच्या पुढे कधी गेले नाही. ती नक्कल अजून त्याच्याच पेटीत आहे. खर्च माझा, पायपीट माझी. पण त्याने त्या दिवशी 'नीट मांगलं काऊन नाही' असे विचारले, म्हणून मी ती कधी मागितली नाही.