मोरीत गेलेले पॅरामेशियम

कुजक्या गवताचा वास आला की सौंसरच्या कॉलेजातली माझी पहिली, कच्ची नोकरी आठवते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी टापटिपीच्या भरात मी कुजक्या गवताच्या पाण्याची एक घाणेरडी बरणी मोरीत ओतून दिली. "हे काय करून राहिले, सर? परीक्षेचे पॅरामेशियम होते त्यात!" प्रयोगशाळेचे शिपाईमामा ओरडले. गेली नोकरी, म्हणून मी घामाघूम. मामांनी सायकल काढली आणि घरच्या म्हशीच्या हौदातलं हिरवं पाणी आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली पॅरामेशियमचे एकपेशीय, केसाळ जीव सुळसुळत होते; दोन तर एकमेकांना चिकटून केंद्रकांची अदलाबदल करत होते. सहसा न दिसणारं ते दृश्य पाहून बाहेरचे परीक्षक माझ्यावर खूश झाले. मामांचे ते उपकार आज मी मानतो, पण तेव्हा घरी जाऊन नुसती बढाई मारली. बायको म्हणाली, "नोकरी मामानं वाचवली अन् शाबासकी तुमी घेतली? जा, जेवाले बोलावून आणा त्यायले."